मेटल ऐकणाऱ्याने जॅझमध्ये कुठून शिरावं?

अनवट

गेली बारा-तेरा वर्षं मी जवळजवळ फक्त मेटल ऐकत आलोय. आधी थ्रॅश, मग डेथ मेटल, मग प्रॉग (प्रोग्रेसिव्ह), असे त्याचेच प्रकार. जॅझच्या दारापर्यंत तीन-चार वेळा जाऊन परत आलो. सगळे ज्यांची नावं आदराने घेतात ते अल्बम लावले. वाजवणारे थोर आहेत हे कळत होतं, पण कानाने नेमकं काय धरून ठेवायचं ते सापडत नव्हतं. दहाव्या मिनिटाला लक्ष उडायचं.

मागच्या महिन्यात सिनिक या बँडचा 'फोकस' (१९९३) हा अल्बम ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही लावावंसंच वाटत नाहीये. एकीकडे गुरगुरणारा आवाज, दुसरीकडे यंत्रातून आल्यासारखा गाणारा आवाज, आणि मधेच सगळं वादळ ओसरून फक्त स्वच्छ गिटार आणि सरपटत जाणारा फ्रेटलेस बास (पडदे नसलेली बास गिटार). त्यातला 'टेक्स्चर्स' हा बिनशब्दांचा ट्रॅक मी वीसेक वेळा तरी ऐकला असेन.

मग शोधलं तर कळलं, की गिटारवाला पॉल मास्विदाल आणि ड्रमर शॉन रायनर्ट हे दोघे डेथ या बँडच्या 'ह्यूमन'मध्ये (१९९१) वाजवून गेलेत. तो अल्बम मला पाठ आहे! म्हणजे हे हात मी इतकी वर्षं ऐकत होतो आणि मला पत्ता नव्हता.

तर प्रश्न असा. इथून पुढे कुठे जाऊ? माझ्या दोनच अटी आहेत. संगीताला वजन हवं. आणि गाण्याच्या मध्यावर मिनिटभर 'जॅझसारखं' वाजवून पुन्हा मूळ रिफवर (गिटारच्या फिरून येणाऱ्या तुकड्यावर) यायचं, असला प्रकार नको.

करवत

अरे, 'फोकस' आवडला असेल तर आधी त्याच्या आसपासचे दोन अल्बम संपव.

एथिस्टचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' (१९९१). हाही फ्लोरिडाचाच बँड. यातला बास नीट ऐक. ह्या ओळी रचल्या रॉजर पॅटरसनने. अल्बमचं रेकॉर्डिंग होण्याआधी, १९९१च्या फेब्रुवारीत, दौऱ्यावरून परतताना गाडीला अपघात झाला आणि तो गेला. मग त्याने बांधलेल्या त्या ओळी सिनिकमधल्या टोनी चॉयने शिकून वाजवल्या. हे कळल्यापासून मला तो अल्बम नुसता 'टेक्निकल' म्हणून ऐकताच येत नाही. 'मदर मॅन'ने सुरुवात कर. पहिल्यांदा सगळं अंगावर येईल, तिसऱ्यांदा ऐकताना गिटार आणि बास एकमेकांशी भांडत नसून एकमेकांना जागा करून देतायत हे लक्षात येईल.

दुसरा पेस्टिलन्सचा 'स्फिअर्स' (१९९३). हे डच. गिटार-सिंथ वापरून केलेला विचित्र, थंड, अंतराळातला वाटावा असा अल्बम. सगळ्यांना पचत नाही. मला फार आवडतो.

आणि डेथचा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) तुझ्याकडे असेलच. स्टीव्ह डिजॉर्जिओचा फ्रेटलेस बास आहे त्यात. हेडफोन लावून एकदा फक्त त्याच्या मागे जा.

द्रुतलय

करवत यांनी सांगितलेलं सगळं उत्तम आहे, पण ते घरातल्या घरात फिरणं झालं. अनवट, तुम्हाला जॅझपर्यंत जायचंय ना? मग एक सांगतो. मी स्वतः ड्रम्स वाजवतो, त्यामुळे माझा कल तिकडे असणार हे धरून चाला. गिटारच्या मागे जाऊ नका, ड्रमरच्या मागे जा.

मेटल ऐकणाऱ्याचा कान ड्रम्सवर तयार झालेला असतो. दोन्ही पायांचा बेस ड्रम कधी सुरू झाला, स्नेअर ड्रम कुठे सरकला, सिंबल कधी बदलली, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. जॅझमध्ये नेमका हाच कान लागतो. तुम्ही आतापर्यंत सुरांमागे जाऊन दमलात. आता तालाच्या बाजूने आत या.

पहिली पायरी बिली कॉबम, 'स्पेक्ट्रम' (१९७३). पहिलाच ट्रॅक 'क्वाड्रंट ४'. दोन्ही पायांनी चाललेला तो शफल (झुलता ताल) ऐकून तुम्ही सरळ बसाल. वर गिटारवर टॉमी बोलिन (हाच पुढे १९७५ मध्ये डीप पर्पलमध्ये गेला) आणि कीबोर्डवर यान हॅमर, दोघं एकमेकांवर तुटून पडलेत. मेटल ऐकणाऱ्या ज्या कोणाला मी हा ट्रॅक ऐकवला त्याने 'हे कधीचं?' असंच विचारलं.

दुसरी पायरी, तोच कॉबम, पण महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये. 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३). जॉन मॅकलॉफ्लिन गिटारवर, जेरी गुडमन व्हायोलिनवर. 'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठरा मात्रांत आहे. मोजायचा अट्टहास पहिल्या दिवशी करू नका. एक आवर्तन कुठे संपतं एवढं अंगाला कळलं की बास, मोजणी नंतर होते.

तिसरी पायरी टोनी विल्यम्स. सतरा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या गटात आला. १९६९ मध्ये बाहेर पडून त्याने लाइफटाइम नावाचं त्रिकूट काढलं: ड्रम्सवर तो, गिटारवर मॅकलॉफ्लिन, ऑर्गनवर लॅरी यंग. त्यांचा 'इमर्जन्सी!' ऐका. रेकॉर्डिंग फाटलेलं आहे. कच्चं ब्लॅक मेटल ऐकणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये, उलट तो फाटलेपणा आवडेल.

षड्जपंचम

द्रुतलय, तुमची यादी सुंदर आहे, तरी एका गोष्टीला माझा विरोध आहे. वेग आणि अवघड मात्रा म्हणजे जॅझ नव्हे. मेटलकडून येणाऱ्या माणसाला फ्युजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) दाखवलं की त्याला त्यात ओळखीचंच दिसतं, 'किती वाजवतात बघा!' आणि तो तिथेच थांबतो.

जॅझचा गाभा हा आहे की समोरचा आत्ता काय वाजवतोय ते ऐकून मी आत्ता उत्तर देतो. ते उत्तर उद्याच्या कार्यक्रमात वेगळं असणार. 'फोकस'वर माझंही मनापासून प्रेम आहे, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक स्वर आधी ठरलेला आहे. कॉर्ड जॅझच्या, रंग जॅझचा, पद्धत मेटलची. यात कमीपणा काहीच नाही. अनवट यांनी तो फरक ओळखून पुढे जावं एवढंच म्हणणं आहे.

म्हणून माझी सूचना: सॉनी शॅरॉकचा 'आस्क द एजेस' (१९९१). शॅरॉकला खरं तर टेनर सॅक्सोफोन वाजवायचा होता. दम्यामुळे ते जमलं नाही, म्हणून गिटार हातात घेतली. ती गिटार तो शेवटपर्यंत फुंकल्यासारखीच वाजवत राहिला. सोबत फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन, चार्नेट मॉफेटचा बास आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. 'मेनी मॅन्शन्स' लावा. एकच जड, संथ, फिरून फिरून येणारी ओळ, जी डूम मेटल ऐकणाऱ्याला लगेच जवळची वाटेल. तिच्यावर दोन माणसं जीव तोडून ओरडतायत आणि खाली एल्विन जोन्स समुद्रासारखा हलतोय. इथे वजन आहे, आणि ठरवलेलं फार थोडं आहे.

त्यानंतर सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'मधला (१९६५) तिसरा भाग, 'पर्स्यूअन्स'. त्याची सुरुवातच एल्विन जोन्सच्या एकट्या ड्रम्सने होते. म्हणजे ड्रमरच्या मागे जा हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, फक्त वेगळ्या ड्रमरच्या!

द्रुतलय

एल्विन जोन्सबद्दल तुमच्याशी कोण वाद घालणार. मात्र महाविष्णूमध्ये नुसता वेग आहे हे पटत नाही. मॅकलॉफ्लिन, गुडमन आणि हॅमर आळीपाळीने छोटे छोटे तुकडे एकमेकांकडे फेकतात तेव्हा तिथेही उत्तरं त्या क्षणीच दिली जातायत. सवाल-जवाब आहे तो. रचना घट्ट आहे म्हणून आतलं स्वातंत्र्य झाकलं जातं, इतकंच.

करवत

या वादात एक दुवा राहतोय, गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ. यालाही मुळात सॅक्सोफोनच हवा होता! त्यामुळे गिटारवर छेडल्याचा आवाजच येऊ नये, सूर सुरात ओघळत जावा, असं तो वाजवायला लागला. टोनी विल्यम्सच्या 'बिलीव्ह इट'मध्ये (१९७५) आहे तो. ड्रमर बिल ब्रुफर्डच्या 'वन ऑफ अ काइंड'मध्ये (१९७९) आहे. स्वतःच्या अल्बमपैकी 'मेटल फटीग' (१९८५) घ्या. नावावर जाऊ नका, मेटल नाहीये ते.

आता मेशुगा या मेटल बँडचे सोलो आठवा. खाली ते लोखंडी रिफ चाललेलं असताना वर फ्रेड्रिक थॉर्डेन्डालची गिटार जी एकदम निसटल्यासारखी, ओली, कुठल्याच ओळखीच्या चालीत न बसणारी येते, ती होल्ड्सवर्थकडून आलेली आहे. 'डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह' (१९९५) पुन्हा लावा आणि फक्त सोलो ऐका. त्याचा स्वतःचा 'सोल नायजर विदिन' (१९९७) तर याहून पुढचा. ड्रम्सवर मॉर्गन ऑग्रेन, आणि त्या गदारोळात सॅक्सोफोनही आहे.

अनवट

मेशुगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. त्यांना पॉलिऱ्हिदमचे (एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या तालांचे) राजे म्हणतात, पण ऐकताना मला तर मान सरळ चारात हलवता येते. मग गुंतागुंत आहे कुठे?

द्रुतलय

मान चारात हलते हेच तर त्यांचं काम. सिंबल सरळ चार मोजत राहते. पाय आणि गिटार मात्र वेगळ्या लांबीचा तुकडा फिरवत असतात.

'केओस्फिअर'मधलं (१९९८) 'न्यू मिलेनियम सायनाइड ख्राइस्ट' घ्या. एका चार-चारच्या बारमध्ये सोळा सूक्ष्म मात्रा धरा. आठ बारच्या झाल्या १२८. गिटारचा तुकडा आहे २३ मात्रांचा. तो पाच वेळा वाजला की ११५ होतात. उरल्या १३. म्हणून सहाव्यांदा तुकडा तेरावर कापतात, आणि सगळे मिळून नवव्या बारच्या समेवर येतात. दर वेळी तुकडा सिंबलच्या तुलनेत वेगळ्या जागी पडतो, म्हणून तेच रिफ प्रत्येक फेरीत नवं वाटतं. तिहाई बांधताना आपण जे करतो त्याच जातीचा हिशेब आहे. समेवर येण्याचा आनंदही तोच.

करून पाहा. उजव्या हाताने सिंबलचे सरळ चार धरा, डाव्या हाताने मांडीवर गिटारचा तुकडा वाजवा. एक आठवडा लागेल. त्यानंतर कॉबम, विल्यम्स, एल्विन जोन्स, कोणाचंही वादन तुम्हाला धूसर वाटणार नाही.

ओंजळ

मी उलट्या दिशेने आलेय, म्हणून लिहिते. माझं ऐकणं आधीपासून जॅझचं. मेटलमधला गुरगुरता आवाज मला कित्येक वर्षं सहनच झाला नाही. मला इकडे आणलं टिग्रान हमास्यानने. आर्मेनियाचा पियानोवादक, २००६ मध्ये थेलोनियस मंक स्पर्धा जिंकलेला. त्याचा 'मॉकरूट' (२०१५) ऐकताना आर्मेनियन लोकगीतांच्या चालींखाली पियानोचा डावा हात असं काहीतरी करत होता, जे मी जॅझमध्ये कधी ऐकलं नव्हतं. कापलेले, जड, मधेच थबकणारे तुकडे. नंतर कळलं की तो मेशुगाचा भक्त आहे. तेव्हा नाइलाजाने मेशुगा लावलं, आणि आवाजाकडे एक ताल म्हणून ऐकायला शिकले. तो गायक गात नाहीये, ड्रम्सच्या बरोबरीने आघात करतोय, हे समजल्यावर अडचण उरली नाही.

अनवट, तुमच्यासाठी हाच रस्ता दुसऱ्या टोकाकडून आहे. 'द कॉल विदिन'मधला (२०२०) 'व्होर्टेक्स' ऐका. त्यात हमास्यानबरोबर ॲनिमल्स ॲज लीडर्स या बँडचा गिटारवादक टोसिन अबासी वाजवतो. पियानो आणि आठ तारांची गिटार एकाच ओळीवर चालतात तेव्हा कुठलं वाद्य 'जड' आणि कुठलं 'हलकं' हा प्रश्नच मिटतो.

आणखी एक. नॉर्वेच्या शायनिंगचा 'ब्लॅकजॅझ' (२०१०). योर्गेन मुंकेबीचा सॅक्सोफोन तिथे गिटारइतकाच धारदार आहे. हा बँड सुरुवातीला चक्क बिनविजेच्या वाद्यांचं जॅझ वाजवायचा. स्वीडनमध्येही शायनिंग नावाचा बँड आहे, तो पूर्णपणे वेगळा, तेव्हा शोधताना देश बघून घ्या. मुंकेबी एम्परर या बँडमधल्या इसानच्या 'आफ्टर'मध्येही (२०१०) वाजवून गेलाय. एम्परर ऐकणाऱ्यांना ते सोपं जाईल.

निमिष

किंग क्रिमझन या बँडचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? 'रेड' (१९७४). शेवटचा 'स्टारलेस' बारा मिनिटांचा. मधल्या भागात तेरा मात्रांवर बास आणि एकाच सुरावर अडलेली गिटार, ताण वाढत वाढत जातो, आणि शेवटी सॅक्सोफोन सगळं फोडून बाहेर येतो. ब्रुफर्ड आहे ड्रम्सवर.

करवत

निमिष, बरोबर, तो तर सगळ्यात आधी यायला हवा होता. फ्रान्सच्या मॅग्माचंही नाव लिहून ठेवा. क्रिस्टियाँ व्हांडेर हा ड्रमर कोलट्रेनचा परमभक्त. त्याने बँडसाठी एक आख्खी भाषा निर्माण केली. हेही पुन्हा ड्रमरचंच घर! द्रुतलय जिंकले.

सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्नचं पेनकिलर हे त्रिकूट सुचवू का? ड्रम्सवर नेपाम डेथचा मिक हॅरिस, बासवर बिल लासवेल, १९९१ पासूनचं काम. ग्राइंडकोर (मेटलचा अतिवेगवान, कर्कश भाऊ) आणि किंचाळणारा सॅक्सोफोन.

षड्जपंचम

सुचवा, पण आत्ता नको. झॉर्न ऐकायला दोन्ही भाषा थोड्याथोड्या यायला हव्यात, नाहीतर नुसता कोलाहल वाटून माणूस कायमचा दूर जातो. 'आस्क द एजेस' मुरला की मग.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. आपण दोन वेगळी घरं जोडतोय असं बोलतोय, पण मेटलच्या पायात जॅझ पहिल्यापासून आहे. मेटलची सुरुवात करणाऱ्या ब्लॅक सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड जीन क्रुपासारख्या स्विंगच्या ड्रमर्सवर वाढला. त्यांच्या 'विकेड वर्ल्ड'ची सुरुवात ऐका, ती हाय-हॅट सरळ स्विंग करते. आणि कारखान्यात बोटांची टोकं गेल्यावर त्याच बँडच्या टोनी आयोमीने गिटार सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली गेली. भाजलेल्या हाताच्या दोन बोटांवर अख्खे सोलो वाजवणारा माणूस. त्या रेकॉर्डमुळे आयोमी परत वाजवायला लागला. त्यानंतर काय घडलं ते आपण सगळे ऐकतोच आहोत.

अनवट

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं ऐकून झालेलं नाही, पण जे झालं ते सांगतो.

'क्वाड्रंट ४' पहिल्या सेकंदाला लागला. महाविष्णूला तीन बैठका लागल्या. पहिल्या दोन वेळा व्हायोलिन कानात खुपत होतं. तिसऱ्यांदा फक्त कॉबम ऐकायचं ठरवलं, आणि मग व्हायोलिन आपोआप जागेवर जाऊन बसलं. होल्ड्सवर्थ मात्र अजून दूर आहे. त्याचे हात काय करतायत ते कळतं, त्या कॉर्डमध्ये मन रमत नाही. पुन्हा प्रयत्न करीन. 'व्होर्टेक्स' फार फार आवडला. ओंजळताई, मनापासून आभार.

मेशुगाची मांडीवरची मोजणी अजून पाचव्या तुकड्यापाशी सुटते.

आणि 'मेनी मॅन्शन्स'. रात्री दिवे बंद करून लावला. ती ओळ परत परत येत होती आणि मी नेहमीच्या सवयीने पुढचा भाग कधी येणार याची वाट बघत होतो. मग लक्षात आलं की पुढचा भाग येणारच नाहीये. बदलतोय तो एल्विन जोन्स, आणि तो शॅरॉकचं ऐकून बदलतोय. गिटार चढली की तो खालून उचलतो, सँडर्स ओरडला की जागा मोकळी करतो. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादा माणूस दुसऱ्याचं ऐकतोय हे ऐकू आलं. संपल्यावर 'ह्यूमन' लावला. 'कॉस्मिक सी'मध्ये रायनर्टच्या सिंबलवरचे इतके बारीक बोल आहेत, आणि मी इतकी वर्षं फक्त त्याचे पाय ऐकत होतो.

षड्जपंचम, द्रुतलय, तुमच्या वादात मला दोघांचंही पटलं. आज काय लावू?

द्रुतलय

माइल्स डेव्हिसचा 'जॅक जॉन्सन' (१९७१). पहिली बाजू, 'राइट ऑफ', सव्वीस मिनिटांची. ड्रम्सवर कॉबम, गिटारवर मॅकलॉफ्लिन, बासवर मायकेल हेंडरसन. सुरुवातीची दोन मिनिटं ट्रम्पेट नाहीच, नुसता जाड, घाणेरडा शफल. दोन मिनिटांनंतर कान टवकारून बसा. मॅकलॉफ्लिन ई ही पट्टी सोडून बी-फ्लॅटमध्ये जातो आणि हेंडरसनच्या ते लक्षात येत नाही. बास ईमध्येच राहतो. दोन वाद्यं दोन वेगळ्या घरांत. कोणीही थांबून पुन्हा पहिल्यापासून घेतलं असतं. नेमक्या त्या क्षणी माइल्स ट्रम्पेट उचलतो आणि आत येतो.

षड्जपंचम

हे मी सुचवणार होतो. यावर आपलं भांडण नाही.

अनवट

ऐकलं. तो पहिला सूर येतो तेव्हा बास अजून चुकीच्याच जागी आहे, आणि तरी काहीही चुकलेलं वाटत नाही. तेवढा अर्धा मिनिट मी सहा वेळा मागे नेऊन ऐकला. आता उरलेली चोवीस मिनिटं ऐकतो.